किल्ली मुलांकडे: बडोद्यात विद्यार्थ्यांचा गट चालवायला घेणाऱ्यांसाठी

जूनमध्ये शाळा सुरू झाली की वर्गावर्गात मॉनिटर नेमला जातो. बहुधा पहिल्या बाकावरचा, अक्षर चांगलं असलेला, सरांचा शब्द खाली पडू न देणारा. त्याचं काम काय, तर सर बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. वर्षभर हे केल्यावर तो एवढंच शिकतो की वरच्याचा हात डोक्यावर असला की बाकीचे दबून राहतात. आणि उरलेला वर्ग शिकतो ते त्याहून वाईट: पुढे होणारा म्हणजे चहाडखोर. विद्यार्थ्यांना नेतृत्व शिकवायला निघालात तर पाटीवर हे आधीच लिहिलेलं असतं, हे धरून चाला.

हा लेख नवख्यांसाठी आहे. शाळेत नुकतेच लागलेले शिक्षक, मंडळाच्या बालविभागाची जबाबदारी गळ्यात पडलेली ताई किंवा दादा, सोसायटीतली पोरं दिवसभर मोबाइलवर असतात म्हणून काहीतरी करू पाहणारे काका-काकू. मुलं सहावी ते नववीतली धरली आहेत. दहावीच्या मुलांना यात ओढू नका. त्यांच्या आया तुम्हाला सोडणार नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं की मुलाच्या हाती खरं काम द्यावं, त्या कामापुरता खरा अधिकार द्यावा आणि मग आपण मध्ये बोलू नये. यातलं तिसरं सगळ्यात जड जातं.

व्याख्यानाआधी तारीख सांगा

नेतृत्वावर भाषण देऊन काही होतं का? होतं, पण एका अटीवर. ती अट आपल्या बडोद्याच्याच इतिहासात आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला. दिवाण सर टी. माधवराव यांनी या मुलाला राज्यकारभार शिकवण्यासाठी व्याख्यानं दिली. ती १८८१ मध्ये छापूनही निघाली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला राज्याचे पूर्ण अधिकार सयाजीरावांच्या हाती आले. ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की हे सगळं उद्या आपल्याच अंगावर येणार आहे. म्हणून त्या व्याख्यानांना अर्थ होता.

आपल्या शिबिरांत नेमकं हेच राहून जातं. दोन दिवस ‘आत्मविश्वास’, ‘संघभावना’, एक पीपीटी, शेवटी प्रमाणपत्र आणि सोमवारी पुन्हा तोच बाक. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा: अमुक तारखेपासून ही गोष्ट तुमची. तारीख फळ्यावर लिहा. मग शिकवायला बसा. ऐकण्याची तऱ्हाच बदलते.

पायरी पहिली: काम निवडा

इथे घाई करू नका, कारण काम चुकलं की पुढचं सगळं नाटक होतं. कामाची पारख अशी करावी. ते झालं नाही तर गटाबाहेरच्या कुणाची तरी अडचण झाली पाहिजे. एकट्याला उरकणार नाही एवढं ते मोठं हवं आणि दीड-दोन महिन्यांत एक फेरा पूर्ण होईल एवढं लहानही. शिवाय बिघडलं तर कुणाला इजा होता कामा नये. या चाळणीतून गॅदरिंगमधलं सूत्रसंचालन गळतं, कारण कागद सरांनी लिहिलेला असतो. घोषणाफलक घेऊन काढलेली रॅलीही गळते. ती निघाली नाही तर कुणाचंच अडत नाही.

मला स्वतःला सगळ्यात पसंत असलेलं काम म्हणजे पुस्तकपेटी. बडोद्याला याची परंपराच आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतलं आणि मोफत सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं केलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आपण ओळखतोच. पण त्याचबरोबर फिरती ग्रंथालयंही होती: पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जायच्या, वाचून झाल्या की परत यायच्या. तीच गोष्ट मुलांनी सोसायटीत किंवा पोळीत (जुन्या शहरातल्या गल्लीवस्तीत) करायची. एक कुलूप लागणारी पेटी, घराघरातून मागून आणलेली तीस-चाळीस मराठी, गुजराती, हिंदी पुस्तकं, एक नोंदवही, आठवड्यातून दोन संध्याकाळी देवघेव. पेटीची किल्ली गटप्रमुखाकडे. दुसरी किल्ली तुमच्याकडे ठेवू नका. ठेवलीत तर मुलं तुमच्याकडेच येतील.

पेटी एकदम चारी विंगांसाठी उघडू नका. आधी एका विंगेत चालवा. सक्तीचं प्राथमिक शिक्षणही सयाजीरावांनी आधी १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. राजाला थांबता आलं, आपल्यालाही थांबता येईल. आणि पेटी तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ चा आणि २०२४ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना कारण सांगायला नको. पावसाळ्यात पेटी कुठे हलवायची हे मुलांनाच आधी ठरवू द्या. तोही नियोजनाचाच धडा आहे.

दुसरं चांगलं काम गणपतीतलं. सगळं मंडळ नको, फक्त आरतीच्या पाळ्या आणि प्रसाद. दहा दिवस रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी वीस-पंचवीस माणसं उभी राहतात. प्रसाद आला नाही तर लगेच कळतं. याहून कडक परीक्षक कुठे मिळणार?

तिसरं काम उत्तरायणानंतरचं. १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण मिळून, पतंग उडतात आणि मग कितीतरी दिवस झाडांवर, तारांवर, गच्चीच्या कठड्यांवर मांजा लोंबत राहतो. पक्षी त्यात अडकतात, दुचाकीवाल्यांचे गळे चिरतात. १६ तारखेपासून सोसायटीच्या आवारातला मांजा गोळा करणं हे मुलांना झेपणारं काम आहे, पण त्याला तुमचे काही पक्के नियम हवेत. हातात जाड मोजे. वर चढायचं नाही, ना झाडावर, ना टाकीवर. विजेच्या तारेला अडकलेल्या दोऱ्याला काठीनेही हात लावायचा नाही. जखमी पक्षी दिसला तर स्वतः दोरा ओढत बसायचं नाही, मोठ्यांना सांगून १९६२ या करुणा हेल्पलाइनला फोन करायचा. गोळा केलेला दोरा बारीक कापून पिशवीत बांधायचा, नाहीतर कचऱ्याच्या ढिगावर तो पुन्हा कुणाच्या तरी पायात जातो. बाकी किती जण, कुठल्या भागात, किती वाजता, हे मुलांचं मुलांनी.

आणि विश्वामित्रीच्या काठावर सफाई मोहीम काढू नका. कल्पना सुचते, फोटोही छान येतात, पण नदीत मगरी आहेत.

पायरी दुसरी: गट बांधा

पाच किंवा सहा जण. आठाच्या वर गेलात तर दोन जण नुसते उभे राहतील. माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजून पाहिला होता. १९१३ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: माणसं वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी होत जातो. रस्सीखेच खेळलेल्या प्रत्येकाला हे मनातून माहीत असतं. स्काउटमध्येही टोळ्या लहानच असतात. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते मुलांच्या लहान टोळ्या करून आणि प्रत्येक टोळीचा नायक मुलांमधलाच ठेवून.

इयत्ता मिसळा. जिवलग मित्रांची जोडी एकाच गटात असू द्या, चौकडी नको.

गटप्रमुख मतदानाने निवडू नका, निदान पहिल्या फेऱ्यात तरी. मतं पडतात ती क्रिकेट चांगलं खेळणाऱ्याला, नाहीतर ज्याच्याकडे प्लेस्टेशन आहे त्याला. चिठ्ठ्या टाकून क्रम लावा आणि दर पंधरा दिवसांनी प्रमुख बदला. बाकीच्यांनाही नेमून दिलेली कामं हवीत: एक हिशेब ठेवणारा, एक नोंदवही लिहिणारा, एक निरोप पोहोचवणारा, उरलेले हाताखाली. हीसुद्धा फिरती. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाने एकदा हुकूम दिलेला असावा आणि अनेकदा पाळलेला असावा. ज्याने कधीच दुसऱ्याच्या हाताखाली काम केलं नाही, त्याला प्रमुख झाल्यावर समोरच्याची अडचण दिसतच नाही.

पायरी तिसरी: पहिली बैठक

अर्ध्या तासाच्या वर नको. मुलं गोल बसतील, तुम्ही गोलाच्या बाहेर, शक्यतो प्रमुखाच्या पाठीमागे. समोर बसलात की बोलणारा मुलगा दर वाक्यानंतर तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. पाठीमागे असलात की त्याला बघता येत नाही.

बैठकीत एकच गोष्ट शिकवा: निर्णय कसा लिहायचा. पहिल्या दिवशी वहीत हमखास असं वाक्य येतं: ‘पुस्तकं गोळा करायची.’ कोणी? कधी? कुठून? पुढच्या शनिवारी एकही पुस्तक आलेलं नसतं आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. तेच असं लिहून घ्या: ‘ए विंग, पहिले तीन मजले. बुधवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. दोघांनी जायचं (नावं). मिळालेली पुस्तकं त्याच रात्री पेटीत, यादी वहीत.’ वाक्यात नाव नसेल तर तो निर्णय झालाच नाही, असं समजायचं. पुढच्या बैठकीची सुरुवात मागचं पान मोठ्याने वाचून करायची. वाचताना कुणाचं काम राहिलेलं निघालं तर त्याला रागवायची गरजच पडत नाही, त्याचं तोंड आपोआप उतरतं.

पायरी चौथी: काम सोपवायला शिकवा

इथे जरा थांबू, कारण नवा प्रमुख हमखास दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक प्रकार म्हणजे हुकूम सोडणारा. दुसरा प्रकार शिक्षकांना फार आवडतो म्हणून जास्त धोक्याचा: सगळं स्वतः करणारा. नववीतला मुलगा रात्री जेवण टाकून तीस पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसलाय, आई कौतुक करतेय, आणि गटातले बाकीचे पाच जण खाली बॅडमिंटन खेळतायत. या मुलाला ‘शाब्बास’ म्हणालात तर त्याने पुढच्या वेळीही हेच करावं असं तुम्हीच सुचवलंत. त्याला नुसतं विचारा, “बाकीच्यांना काय काम दिलं होतंस?”

सोपवणं ही कृती आहे आणि ती करून दाखवता येते. मुलांना दोघा-दोघांत बसवून तालीम करून घ्या. “तू कव्हरं घाल” हे सोपवणं नव्हे. प्रमुखाने असं म्हणायला शिकावं:

“शुक्रवारपर्यंत या दहा पुस्तकांना कव्हरं हवीत. नंबर बाहेरून दिसला पाहिजे. कागद मी आणून देतो. जमेल का? आणि अडलास तर मला कधी सांगशील?”

मग समोरच्याने आपल्या शब्दांत ते परत सांगायचं: “दहा पुस्तकं, शुक्रवार, नंबर बाहेरून. गुरुवारपर्यंत झालं नाही तर सांगतो.” यात काम पुरं झालं म्हणजे कसं दिसेल ते आलं, मुदत आली, साधन कोण देणार ते आलं आणि अडचण सांगायची वाटही मोकळी राहिली. पहिल्या एक-दोन वेळा मुलं हसतात, नाटकी वाटतं त्यांना. “चालशे, समजलं” म्हणून उठू पाहतात. उठू देऊ नका. परत सांगताना निम्म्या वेळा काहीतरी वेगळंच निघतं, आणि तेव्हा हसणं थांबतं.

कव्हर वाकडं घातलं गेलं तर? राहू द्या वाकडं. प्रमुखाने रात्री ते गुपचूप काढून सरळ घातलं की लहान मुलाला कळतं आणि पुढच्या वेळी तो मनापासून करत नाही. नंबर दिसत नसेल तर मात्र परत द्यायचं, कारण ते ठरलं होतं.

पायरी पाचवी: आता तुम्ही गप्प बसा

१९३९ मध्ये अमेरिकेत कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलग्यांच्या छोट्या क्लबांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं मुखवटे बनवणं वगैरे हातकामं करायची. काही गटांत मोठा माणूस प्रत्येक गोष्ट स्वतः ठरवून हुकूम द्यायचा, काही गटांत तो मुलांबरोबर चर्चा करून ठरवायचा, काहींत नुसताच बाजूला उभा राहायचा. हुकूमवाल्या गटात तो समोर असताना काम जोरात चालायचं. तो खोलीबाहेर गेला की ढेपाळायचं. चर्चेने ठरवणाऱ्या गटात तो बाहेर गेला तरी मुलं हातातलं काम करत राहायची. नुसत्याच बाजूला उभ्या राहणाऱ्याच्या गटात कामही कमी झालं आणि जे झालं तेही बेताचंच.

म्हणजे गप्प बसायचं याचा अर्थ कोपऱ्यात मोबाइल बघत बसायचं असा नाही. लक्ष सगळीकडे ठेवा, उत्तर मात्र देऊ नका. मूल “ताई, आता काय करू?” म्हणून आलं की उलट विचारा: “तू आत्तापर्यंत काय करून पाहिलंस?” दुसरा प्रश्न: “हे गटात कुणाला विचारता येईल?” बहुतेक प्रश्न इथेच संपतात. शांतता पडली तरी पडू द्या. मोठ्या माणसाला ती लांबच लांब वाटते, मुलं तेवढ्यात विचार करत असतात.

मध्ये पडायचं ते तीनच वेळा. कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, बाहेरच्यांच्या पैशाचा घोळ असेल, किंवा कुणाला जातीवरून, भाषेवरून, दिसण्यावरून टोमणे मारले जात असतील. तिथे मात्र क्षणभरही थांबू नका. सगळं बंद करून बोला. बाकी उशीर झाला, यादी चुकली, साखरफुटाणे कमी पडले, होऊ द्या.

शाळेतल्या शिक्षकांनी हे मुख्याध्यापकांच्या कानावर आधीच घालून ठेवावं. वरून कुणीतरी येऊन म्हणणार, “अहो, तुमची मुलं गोंधळ घालतायत आणि तुम्ही बसलाय काय?” २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. तुमचा उपक्रम त्या दिवसांत बसवता आला तर परवानगी मागायला सोपं जातं.

पायरी सहावी: भांडण

होणारच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत झालं नाही तर मुलं खरं बोलत नाहीयेत असं समजा. भांडण तुमच्यापर्यंत आलं की न्यायाधीश होऊ नका. प्रमुखाला एक रीत शिकवून ठेवा. पहिला बोलेल, दुसऱ्याने उत्तर देण्याआधी पहिल्याचं म्हणणं परत सांगायचं, आणि पहिला “हो, हेच म्हणतोय मी” म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग उलट. मुलं चिडलेली असताना हे परत सांगणं फार कठीण जातं, म्हणूनच उपयोगी पडतं. भांडण प्रमुखाशीच असेल तर त्या वेळेपुरता नोंदवहीवाला मध्ये बसेल.

बडोद्यात मुलं भांडताना गुजरातीत शिरतात. शिरू द्या. मराठी मंडळाचा गट आहे म्हणून भांडणातही शुद्ध मराठीच हवं असा हट्ट धरलात तर भांडण तुमच्या पाठीमागे होईल.

पायरी सातवी: पैसे

पैसे थोडे पण खरे असू द्या. कव्हरांचा कागद, कुलूप, स्टॅम्पपॅड, एवढ्यासाठी लागेल तितकेच. मुलांनी स्वतः मागून आणावेत आणि प्रत्येक रुपया त्याच दिवशी वहीत जावा. रक्कम एकाकडे, वही दुसऱ्याकडे. दर महिन्याला हिशेबाचं पान जिन्याजवळच्या नोटिसबोर्डावर लागेल. व्यापाऱ्यांच्या घरची मुलं गटात असली तर त्यांनी दिवाळीचं चोपडापूजन लहानपणापासून पाहिलेलं असतं. हिशेबाला पाय लावत नाहीत हे त्यांना शिकवावं लागत नाही. कमी पडलेले दहा-वीस रुपये स्वतःच्या खिशातून घालून जुळवू नका. जुळत नाही असं लिहायला लावा.

पायरी आठवी: गप्प मुलं आणि मुली

वाटणी मुलांवर सोडली की पहिल्या फेऱ्यात हमखास असं होतं: मुलींकडे रांगोळी, प्रसाद आणि सुंदर अक्षरातली यादी, मुलग्यांकडे किल्ली, पैसे आणि बाहेरची धावपळ. भाषण न देता पुढच्या फेऱ्यात कामं उलटी करा. मुलींच्या घरून “संध्याकाळी दारोदार फिरायला नको” असं आलं तर दोघी-दोघींना आपल्याच विंगेत पाठवा, पण पाठवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याची धुरा पहिल्या कुलगुरू म्हणून हंसा मेहतांनी उचलली होती. त्याच गावात आज एका मुलीला पुस्तकपेटीच्या किल्लीसाठी वाट बघायला लागू नये.

न बोलणाऱ्या मुलाला “बोल ना, बोल ना” म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नका. बैठकीआधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं आणि प्रमुखाने सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या, एवढ्याने निम्मं काम होतं. शिवाय अशा मुलाला स्वतःपेक्षा लहान मुलाला काहीतरी शिकवायला द्या. तालमीत मल्लखांब शिकलेल्या कुणालाही विचारा, वर चढणाऱ्या लहानग्याला धरायला जो खाली उभा राहतो, तो वर्गात कधी तोंड उघडत नसला तरी तिथे त्याचा शब्द चालतो. पाचवीच्या मुलांना पेटीतून पुस्तक कसं निवडायचं, परत कसं नोंदवायचं हे त्याला दाखवू द्या. प्रमुखाची पाळी त्यानंतर.

पायरी नववी: आढावा

काम संपल्यावर दोन दिवसांच्या आत, सेव-उसळ खायला जाण्याआधी. नंतर कुणी थांबत नाही. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. प्रमुखाने शेवटी बोलायचं, नाहीतर बाकीचे त्याचीच री ओढतात. ‘मजा आली’, ‘छान झालं’ हे लिहून घेऊ नका. ‘तिसऱ्या दिवशी प्रसाद उशिरा आला, कारण निरोप आरतीच्या फक्त अर्धा तास आधी गेला’ असं लिहून घ्या. कौतुकही तसंच नेमकं करा. “तू हुशार आहेस” ऐकून मूल सुखावतं, पण “दोघं भांडत होते तेव्हा तू आवाज न चढवता वही वाचून दाखवलीस” ऐकलं की पुढच्या वेळी काय करायचं ते त्याला कळतं.

वेळापत्रक आणि पालक

जूनमध्ये गट, जुलैत पेटी, भाद्रपदात गणपती. नवरात्रात बैठक ठेवू नका. रात्री गरबा खेळून आलेल्या मुलांकडून काही होत नाही आणि गरबा सोडून कुणी येतही नाही. मग पहिली परीक्षा, दिवाळीची सुट्टी. त्यानंतर दुसरा फेरा, उत्तरायणाचं काम, आणि फेब्रुवारीत आवरतं घ्या.

पालकांना सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगा: आठवड्याला किती वेळ लागेल, आणि घरी त्यांनी काय करायचं नाही. “ट्युशनचा वेळ जाईल” ही तक्रार वेळ ठरवून दिल्याने मिटते. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. वडील ऑफिसमधून पोस्टर छापून आणतात, आई दहा पुस्तकांना स्वतः कव्हरं घालते, आजोबा सोसायटीच्या सेक्रेटरीला परस्पर फोन करतात. प्रेमापोटीच सगळं, पण मुलाच्या हातात काही उरत नाही. सेक्रेटरींशी बोलायला मुलांनाच जाऊ द्या. त्यांनी आधी ‘नाही’ म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यांदा जाताना मुलं लेखी अर्ज घेऊन जातात.

पुढच्या तुकडीकडे

वर्ष संपताना जुन्या प्रमुखांनी मिळून नव्या गटासाठी एक पान लिहावं. तुम्ही लिहू नका आणि शुद्धलेखनही तपासू नका. पानावर एवढं हवं: किल्ली आता कुणाकडे आहे, कुठली पुस्तकं कुणाकडून परत यायची आहेत, हिशेबात किती शिल्लक, सेक्रेटरी कुठल्या वेळी भेटतात आणि कुठल्या वेळी चिडलेले असतात, कुठल्या घरी पुस्तक मागायला जाऊ नये. हे पान नव्या गटाला जुन्यांनीच वाचून दाखवायचं. त्या बैठकीला तुम्ही गेला नाहीत तरी चालेल.